दार नसलेलं खोरं

उलानगोम
६ मार्च २०१४

प्रिय चोयजिलदादा,

हिवाळा सुखाने सरला ना? जनावरं धड आहेत ना? सेवेलवहिनीचा गुडघा कसा आहे? पत्र असं सुरू करायचं असतं, म्हणून विचारलं. खरं तर मला सगळं कळलंय. तुझ्या बागेचा ट्रक परवा बाजारात उभा होता आणि ड्रायव्हरने खाली न उतरताच सगळी खबर दिली. वहिनी आता काठीशिवाय चालते, तुझी दोन वासरं थंडीत गेली, आणि या वर्षी बागेत आणखी नव्या ओळी लागणार आहेत. हे पत्र त्याच्याच हाती देते आहे. फोन तू उचलत नाहीस. घळीत रेंज नाही म्हणतोस, पण ड्रायव्हरला तिथूनच रोज तुझा फोन येतो म्हणे.

माझं बरं चाललंय. प्रयोगशाळेतला हीटर पुन्हा बंद पडला. नमुन्यांचं पाणी गोठून बाटल्या फुटायला लागल्या, म्हणून मी त्या घरी आणून स्वयंपाकघरात मांडल्या आहेत. शेजारीण विचारते, "नान्सलमाताई, एवढी सगळी व्होडका एकट्याच पिता की काय?" मी म्हटलं, पिऊन बघा, एका घोटात शुद्धीवर याल. त्यातल्या निम्म्या बाटल्या आपल्या खुरेन नदीच्या आहेत.

सणाच्या दिवसाचं अजून मनात आहे. आपण सगळे खाली धाकट्या दाम्बाच्या तंबूत आईच्या पाया पडायला जमलो होतो. किती वर्षांनी तिघं एका ताटाभोवती बसलो. दाम्बाच्या बायकोने, हांदाने, चहा ओतला, तू पहिला घोट घेतलास आणि तोंड वाकडं केलंस. दाम्बा काय म्हणाला, आठवतंय? "दादा, तुझ्या घरी चहाला मीठ घालावं लागतं. आमच्याकडे नदीच घालून पाठवते." सगळे हसलो. तूही हसलास. आई म्हणाली, "हसताय काय, मांसाचे बूझ गार होताहेत." दाम्बा मात्र हसत नव्हता. हे तू पाहिलंस का, मला माहीत नाही. मी पाहिलं.

जेवण झाल्यावर तू मला बाहेर घोड्यांपाशी नेलंस. म्हणालास, "बाटलीवाले, खरं काय ते सांग. खालचं पाणी खारट का होतंय?" मला बरं वाटलं. तीस वर्षं पाणी तपासते आहे, घरातल्या कुणी कधी विचारलं नव्हतं. म्हणून मी अगदी जीव लावून सांगितलं. आपल्या खोऱ्याला दार नाही. इतर देशांतल्या नद्या समुद्राला मिळतात आणि आपलं मीठ तिथे टाकून मोकळ्या होतात. आपली नदी डोंगरातून उतरते, माळ ओलांडते आणि तळ्यात जाऊन बसते. तिथून पुढची वाट एकच, वर. ऊन पाणी नेतं, मीठ नेत नाही. तुझ्या घळीपाशी ती वितळलेल्या बर्फाची असते, खडकातला थोडा चुना सोडला तर तिच्यात काही नसतं. माळावर पाऊस पडतो बोटभर आणि ऊन पितं हातभर. तिथे आधी चुना गळतो, दगडांवर पांढरी खपली धरतो. मग उरतात सोडा, सल्फेट आणि मीठ. पाणी जितकं आटेल तितकं ते दाट होत जातं. दाम्बाचा तळ नदीच्या अगदी शेपटाशी, म्हणून त्याच्या वाट्याला ते सगळं येतं.

तू मान डोलावत होतास. मला वाटलं, दादाला कळतंय.

कळलं होतंच. तू ते किती नीट लक्षात ठेवलंस हे मला दाम्बाकडून समजलं. तालुक्याच्या सभेत लोकांनी तू बागेसाठी घळीत घातलेल्या बंधाऱ्याचा विषय काढला, तेव्हा तू उठून म्हणालास, "माझी सख्खी बहीण जिल्ह्यात पाणी तपासते. तिलाच विचारा. मीठ ही आभाळाची करणी आहे. चिंगीसखानाच्या आधीपासून ते तळं खारट आहे. त्यात माझ्या चार फळ्यांचा काय संबंध?" लोक गप्प बसले म्हणे. माझं नाव ऐकून गप्प बसले.

दादा, मी घोड्यांपाशी आणखीही काही सांगितलं होतं. बर्फ कमी झाला, ऊन वाढलं, हे खरं. पण तेवढंच पाणी तुझा पाट ओढून घेतो, हेही मी सांगितलं होतं. आणि तुझ्या झुडपांच्या मुळांशी मुरून जे पाणी पाझरत नदीत परत येतं, ते जमिनीतलं जुनं मीठ विरघळवून आणतं. तू गोड घेतोस आणि खारट परत करतोस. हे बोलले तेव्हा तू खोगिराचा पट्टा आवळत होतास. तेवढं ऐकू आलं नसेल.

आता मुद्द्याचं. गेल्या शरदात दाम्बाची वासरं आंधळी झाली. कुंपणाला डोकं लावून ढकलत उभी राहायची आणि तशीच कोसळायची. त्याने आधी तुला सांगितलं नाही, लाज वाटली त्याला. मी जनावरांच्या डॉक्टरला घेऊन गेले. तो म्हणाला, पाण्यातल्या सल्फेटने असं होतं, मेंदूवर जातं. विहिरीचंही पाणी तसंच, कारण विहीर नदीवरच जगते. आता मेंढ्या विणार. ओल्या आयांना पाणी दुप्पट लागतं. जन्मलेली करडं-कोकरं त्याच पाण्यावरचं दूध पिणार.

मी बाग उपटायला सांगत नाही. ती तू कशी उभी केलीस ते मी पाहिलंय. बाबांनी चांगली जागा धाकट्याला दिली, चूल त्याच्याकडे जाते म्हणून. तेव्हा खालचा तळ म्हणजे लव्हाळी, गवत, चरबीने डुलणारे उंट. तुला घळ मिळाली. दगड आणि वारा. सरकारी शेत बंद पडलं तेव्हा सगळे हात बांधून बसले होते आणि तू दगड वेचून त्या आंबट नारिंगी फळांची झुडपं लावलीस. लोक तुला हसायचे. त्या वर्षांत तुझ्या घरचं पीठ आम्ही सगळ्यांनी खाल्लंय. म्हणून तर इतकी वर्षं कुणी काही बोललं नाही.

फक्त बर्फ फुटल्यापासून मेंढ्या विऊन होईपर्यंत बंधाऱ्याच्या फळ्या काढून ठेव. पहिलं पाणी खाली जाऊ दे.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहिते. दाम्बा म्हणतो, दादाने काढल्या नाहीत तर मी येऊन काढीन. तो रागात बोलला असता तर मी लक्ष दिलं नसतं. तो अगदी शांतपणे बोलला, लगाम दुरुस्त करता करता. मी त्याला म्हटलं, दादाला माझं पत्र जाऊ दे, तो ऐकेल. त्याने माझ्यावर विश्वास ठेवलाय. तू मला शब्द दे.

तुझी लाडकी,
नान्सल


उलानगोम
२३ जून २०१४

चोयजिलदादा,

उन्हाळा चांगला आहे. गवत बरं आहे. तुझ्याकडेही बरं असेल.

तू पाठवलेला फळांच्या रसाचा डबा मिळाला. ड्रायव्हरने दारात ठेवला आणि उभा राहिला, काही निरोप आहे का म्हणून. मी नाही म्हटलं. आईने एक वाटी घेतली, दोन घोट पिऊन ठेवून दिली. आता आई माझ्याकडेच आहे. चौथ्या मजल्यावर तिला करमत नाही. सकाळी उठून खिडकीशी बसते आणि विचारते, "मेंढ्या कुठल्या बाजूला सोडल्यात?" मी सांगते, आई, इथे मेंढ्या नाहीत. ती म्हणते, "ते मला कळतं ग. विचारायची सवय आहे, म्हणून विचारते."

हांदा लेकीला घेऊन माहेरी गेली. जाताना तंबू उतरवायला मी होते. ती एकटीने तंबूचे लोकरी नमदे गुंडाळत होती, कुणाला हात लावू देत नव्हती. उरलेल्या मेंढ्या तिच्या भावांनी हाकून नेल्या. तळावर आता फक्त तंबूची गोल खूण आहे आणि विहीर आहे. प्रयोगशाळेत कामाचा ढीग पडलाय. साहेब पुढच्या वर्षी निवृत्त होताहेत.

असं किती लिहू?

दाम्बाच्या एकोणपन्नासाव्या दिवसाची प्रार्थना झाली. तू आला नाहीस. आई दाराकडे बघत होती. लामाने दोनदा विचारलं, मोठा मुलगा कुठे आहे? मी म्हटलं, बागेला कीड लागली आहे, येऊ शकला नाही. लामासमोर खोटं बोलले. त्यानंतर तुझा निरोप आला, ड्रायव्हरच्या तोंडी, "जे झालं ते नदीने केलं, कुणाच्या हातात काय होतं?"

दादा, कुणाच्या हातात काय होतं ते मला सेवेलवहिनीने सांगितलं आहे. तिच्यावर रागावू नकोस. अंत्यविधीच्या दिवशी भांडी विसळताना ती रडत होती आणि थांबवता येत नव्हतं, म्हणून बोलली.

तू मला फोनवर शब्द दिला होतास. पत्र मिळालं, बर्फ फुटला की काढतो, म्हणालास. मी लगेच दाम्बाला कळवलं. तो म्हणाला, "बघ, मी उगाच दादावर संशय घेत होतो." बर्फ फुटला. तू म्हणालास, झुडपांना डोळे फुटताहेत, एक आठवडा. मग म्हणालास, बंधाऱ्यामागचं तळं भरून घेतो, आणखी एक आठवडा. खाली मेंढ्या वीत होत्या आणि कोकरं जन्मून उभीसुद्धा राहत नव्हती. हांदा सकाळी कोकरं वेचायची, सरपण वेचावं तशी.

मग तो आला. भर दुपारी, दारू न पिता. चौकीवर तू "प्यालेला असावा" असं म्हणालास, ते वहिनीनेच मला सांगितलं, आणि म्हणाली की तिच्या हातचा चहा पिऊन तो बंधाऱ्यावर गेला. चहा पिताना तो तिला म्हणाला, "वहिनी, किती गोड पाणी आहे तुमच्याकडे." टोमणा नव्हता, ती म्हणाली. खरंच गोड लागलं म्हणून बोलला. मग पहार घेऊन उठला.

तू पलीकडच्या काठावरून ओरडलास, "दाम्बा, खाली उतर! पुढच्या आठवड्यात काढतो म्हटलं ना!"

तो म्हणाला, "मागच्या आठवड्यातला पुढचा आठवडा हाच आहे, दादा."

"तुझ्या चार मेंढ्यांसाठी माझी बाग मारशील?"

"चार राहिल्यात हे तुला कसं कळलं?"

हे त्याचं शेवटचं बोलणं. पहिली फळी निघाली, दुसरी निघाली, आणि मागचं साठलेलं वितळलेलं पाणी एकदम लोटलं. मधला खांब गेला आणि त्याच्यासोबत तो. तू काठाने धावलास, पाण्यात उतरलास, बर्फाच्या तुकड्यांनी तुझे हात कापले, हेही वहिनीने सांगितलं. तो उतारापाशी सापडला. तूच त्याला उचलून आणलंस. हे सगळं मी मान्य करते. तू त्याला ढकललं नाहीस. पोलिसांनी अपघात लिहिला, तो अपघातच होता.

मी दुसऱ्या दिवशी पोचले. गाडीतून उतरले तेव्हा घरात जायचं धाडस होईना. माझी खोड तुला माहीत आहे, कुठेही गेले तरी आधी नदीकडे बघते. बघितलं. बंधाऱ्याखालचे दगड कोरडे होते. बर्फ वितळायच्या दिवसांत, इतकं पाणी उतरत असताना, दगड कोरडे. मी जवळ गेले. मधला खांब नवा होता आणि दोन फळ्या नव्या होत्या, पिवळ्याधमक लाकडाच्या. त्यांना भुसा चिकटलेला होता.

मी वहिनीला विचारलं, हे कधी बसवलं? ती म्हणाली, "काल संध्याकाळी."

काल संध्याकाळी दाम्बा तुझ्या अवजारांच्या खोलीत पांढऱ्या कापडाखाली होता. तू त्याला तिथे ठेवलंस, कापलेल्या हातांना फडकं गुंडाळलंस आणि करवत घेऊन गेलास.

तू म्हणशील, पाणी वाया चाललं होतं. दादा, ते वाया चाललं नव्हतं. ते त्याच्या घरी चाललं होतं.

हे मी आईला सांगितलेलं नाही. हांदालाही नाही. आईला एवढंच माहीत आहे की दाम्बा फळ्या काढायला गेला, पाणी लोटलं आणि तो वाहून गेला. ती म्हणते, निदान चोयजिल जवळ होता, एकटा नव्हता माझा दाम्बा.

मला उत्तर पाठवू नकोस. जुलैत तालुक्याची सभा पुन्हा भरणार आहे. या वेळी माझं नाव तुला घ्यावं लागणार नाही. मी स्वतः येते आहे.

अजून तरी तुझी बहीण,
नान्सलमा


खालच्या तळावरून
१४ सप्टेंबर २०१४

दादा,

शरद सुखाचा जावो. आई शेजारी बसून काय लिहायचं ते सांगते आहे. तिचं मी शेवटी लिहीन, आधी माझं.

सभेचं तुला माहीत आहे, पण तू अर्ध्यातून उठून गेलास, म्हणून पुढचं सांगते. मी तेच सगळं सांगितलं जे तुला घोड्यांपाशी सांगितलं होतं, पण या वेळी पूर्ण. बर्फ, ऊन, चुना, सोडा, पाट, पाझर. लोकांना काही कळलं, काही नाही. मग तो म्हातारा शारव उठला, तुझ्याच बाजूचा, दर शरदात तुझ्या बागेत फळं तोडायला येतो तो. म्हणाला, "बाई, मला एवढं शास्त्र कळत नाही. एका वाक्यात सांगा, दोष कुणाचा?"

मी म्हटलं, "निम्मा आभाळाचा, निम्मा माझ्या भावाचा. आभाळाला फळ्या काढायला सांगता येत नाही."

तेव्हा तू उभा राहिलास. तुझा चेहरा बाबांसारखा दिसत होता. सगळ्यांसमोर म्हणालास, "नान्सल, तू ज्यांच्या जिवावर उलानबातारला शिकलीस, ते घोडे माझे होते."

"हो," मी म्हटलं, "फार चांगले घोडे होते."

लोकांना वाटलं, मी टोमणा मारला. मी टोमणा मारला नव्हता. तांबडा आणि कपाळावर ठिपका असलेला, ते दोघे मला अजून आठवतात, आणि ते विकले गेले त्या दिवशी तू दिवसभर जेवला नव्हतास हेही आठवतं. तू गेल्यावर बंधारा काढावा म्हणून हात वर झाले. आधी कमी होते, मग शारवने केला, मग सगळ्यांनी केले. मी केला नाही. मी तालुक्यातली नाही, मला हात नाही.

ऑगस्टच्या शेवटी ट्रॅक्टरने बंधारा काढला. मी तिथे नव्हते. वहिनीचा फोन आला होता. ती रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "वरच्या ओळींची पानं आताच गळायला लागली आहेत. फळ भरलंय, पण लहान राहणार. हे झाडांशी बोलत फिरतात दिवसभर." मग तिने विचारलं, "तुला समाधान वाटतं का ग?" मी नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही. तिच्या जागी मी असते तर माझाही बसला नसता.

आईला कळलं की पाणी सोडलंय, तशी तिने हट्ट धरला. मला खाली ने, तिथे कुणीतरी असलं पाहिजे पाणी येताना. मी म्हटलं, आई, तिथे काही नाही. ती म्हणाली, "विहीर आहे ना? मग आहे." शेवटी रजा घेतली, लहान तंबू घेतला आणि तिला आणलं. तंबू त्याच गोल खुणेवर उभा करायला लावला तिने. दार दक्षिणेला, चूल मध्ये, सगळं जिथल्या तिथे.

पाणी यायला फार वेळ लागला. माळाने आधी स्वतः प्यायलं. कोरड्या पात्रात कुठे पाऊलभर मुरायचं, कुठे डबक्यात थांबायचं. आई रोज सकाळी दूध घेऊन काठावर जायची, शिंपडायला, आणि तसंच परत आणायची. मग एका दुपारी आलं. आवाज नव्हता त्याला. पुढे काटक्या, फेस आणि मेंढ्यांची वाळलेली लेंडी, आणि मागे पाणी, एखादं म्हातारं जनावर वास घेत घेत यावं तसं. आईने चौफेर दूध शिंपडलं, गुडघे टेकून बसली, ओंजळ भरली आणि तोंडाला लावली.

लगेच थुंकली.

"हे काय ग नान्सल? हे तर पूर्वीपेक्षा वाईट आहे."

मी आधीच सांगायला हवं होतं, पण तिचं तोंड बघून सांगवत नव्हतं. मीही चाखलं. कडू होतं. खारटसुद्धा म्हणता येणार नाही, जिभेला पीळ पडावा असं कडू. दादा, हे असंच होणार होतं. इतकी वर्षं हे पात्र अर्धवट ओलं, अर्धवट कोरडं राहिलं. प्रत्येक उन्हाळ्यात थोडं पाणी आलं, आटलं, आणि आपलं मीठ वाळूत ठेवून गेलं. तुझ्या बागेच्या पाझराने आणलेलं होतं ते वेगळं. थरावर थर. आता पहिलं पाणी आलं ते हे सगळं विरघळवत आलं. या पाण्याने खालचं काही जगणार नाही. मेंढी हे प्यायली तर मरेल. आधी हे धुऊन निघावं लागेल, तळ्यात जाऊन बसावं लागेल, मग मागून पुन्हा पाणी, पुन्हा पाणी. मग कधीतरी वितळलेल्या बर्फाचं ते गोड पाणी इथवर पोचेल.

आईने विचारलं, "किती वर्षं?"

"बर्फ चांगला पडला तर चार-पाच. नाही पडला तर सांगता येत नाही."

"मी नाही तेवढी."

ती उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "म्हणजे चोयजिलने वेळेवर सोडलं असतं तरी ही वर्षं गेलीच असती?"

आईने कधी शाळा पाहिली नाही. तिने बरोबर तोच प्रश्न विचारला, जो मी सभेत कुणी विचारू नये म्हणून देवाला विनवत होते. मला खोटं बोलता येत नव्हतं, तेही नदीच्या काठावर. मी म्हटलं, "एप्रिलमध्ये सोडलं असतं तर वितळलेलं पाणी खूप होतं, आई. मीठ लवकर धुतलं गेलं असतं. पण या वर्षीची कोकरं वाचली असती की नाही, मला नाही सांगता येत. कदाचित नसती वाचली."

"मग दाम्बा कशासाठी गेला?"

याचं उत्तर माझ्या कुठल्याच बाटलीत नाही. घे, हे तुला देते आहे. तुला हवं होतं ना, आभाळाची करणी? ही घे पूर्ण, निम्मी नव्हे. सभेत नेऊन सांग, तुला अडवणार नाही. त्या दिवशी तुझ्या फळ्या निघाल्या असत्या तरी कदाचित काहीच वाचलं नसतं. एवढं कळूनही माझा तुझ्यावरचा राग तसूभर कमी झालेला नाही. कारण तुला हे माहीत नव्हतं. तुला वाटत होतं की पाणी गेलं तर खाली जगतील आणि वर मरतील, आणि तू वरचं निवडलंस. दोन वेळा निवडलंस. दुसऱ्या वेळी भाऊ पांढऱ्या कापडाखाली असताना.

आता आईचं. ती सांगते ते जसंच्या तसं लिहिते.

"चोयजिलला म्हणावं, बागेचं ऐकलं. वाईट वाटलं. हाताने लावलेलं वाळताना बघणं कठीण. त्याला म्हणावं, तू आला नाहीस म्हणून मी रागावलेली नाही, तुला तोंड दाखवायला जड जात असेल. पण मला आता दोनच लेकरं आहेत आणि थंडी पडायच्या आत दोघांना एका तंबूत बघायचंय. खायला काही आणू नकोस. सेवेलला आण. तू दाम्बाच्या शेवटच्या वेळी जवळ होतास, तो काय बोलला ते मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. नान्सल सांगत नाही."

एवढाच निरोप आहे तिचा. मी वाचून दाखवला, ती म्हणाली, बरोबर.

आता हे शेवटचं मी एकटी लिहिते आहे, आई बाहेर शेणी गोळा करायला गेली आहे. ये, दादा. महिनाअखेरपर्यंत ती इथेच आहे, मग तिला शहरात नेणं भाग आहे, तेव्हा उशीर करू नकोस. ती विचारेल आणि तुला सांगावं लागेल. त्या संध्याकाळच्या नव्या फळ्यांचं सांगायचं की नाही, ते तू ठरव. मी माझ्या तोंडून ते कधीच सांगणार नाही, तुझ्यासाठी नव्हे, तिच्यासाठी. "निदान चोयजिल जवळ होता" एवढंच तिच्याजवळ उरलंय. ते तिच्याकडून घ्यायचं असेल तर तूच घे.

तू येशील त्या दिवशी ड्रायव्हरकडून आधी कळव. मी पाण्याचे नमुने घ्यायला तळ्याच्या पलीकडच्या काठावर जाईन आणि तुझी गाडी परत गेल्यावर येईन. आईला वाईट वाटेल, तिला दोघं एका तंबूत हवी आहेत. तिला सांग, नान्सलला काम होतं. तू तिला सांगतोस ते ती खरं मानते.

दाम्बाची बहीण,
नान्सलमा